२४ पाहुणे, ६ पदार्थ, ९६ ट्रफल

ताईच्या लग्नाचा २५ वा वाढदिवस आमच्याकडे करायचा हे मी तिला न विचारताच ठरवून टाकलं. हॉटेल नको, केटरर नको, खाणं आपलं, सजावट आपली आणि निघताना प्रत्येकाच्या हातात जी भेट द्यायची तीसुद्धा आपणच केलेली. माणसं २४ आणि हातात दिवस २०. त्या २० दिवसांत काय काय झालं ते सविस्तर लिहितेय, कारण मी सुरुवात केली तेव्हा मला असं कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलेलं हवं होतं.

पहिल्या रात्री वहीत १४ पदार्थ लिहिले. वाचताना फार छान वाटत होतं. मग आईने वही हातात घेतली, चष्मा लावला, सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, "लोक आल्यावर तू कुठे असणार आहेस?" झालं. मी पानाच्या मधोमध एक रेघ मारली, डावीकडे जे आधी करून ठेवता येतं ते आणि उजवीकडे जे आयत्या वेळीच करावं लागतं ते, आणि ठरवलं की उजवीकडे फक्त एकच पदार्थ ठेवायचा. तळायचं सगळं गेलं, भरून लगेच खायच्या टार्ट गेल्या, कारण त्या अर्ध्या तासात नरम पडतात. १४ चे राहिले ६: फोकाचा (ऑलिव्ह तेल घातलेला जाड, चपटा इटालियन ब्रेड), दोन डिप, चीज स्ट्रॉ, काकडीचे सँडविच आणि केक. एवढंच? असं वाटलं खरं. पण सहा पदार्थ भरपूर असतील तर टेबल भरलेलं दिसतं, आणि १४ पदार्थ थोडेथोडे असतील तर पहिल्या २० मिनिटांत ताटं ओकीबोकी दिसायला लागतात, हे मी स्वतः एका पार्टीत पाहुणी म्हणून पाहिलंय.

किती करायचं याचाही हिशोब लागतो. वेगळं जेवण ठेवणार नसू तर माणशी १० ते १२ छोटे तुकडे धरायचे हा ठोकताळा मी वापरला. म्हणजे २४ माणसांना २४० च्या पुढे. फोकाचाचे दोन ट्रे, प्रत्येकी ४८ चौकोनी तुकडे, चीज स्ट्रॉ ७२, सँडविच ८०, झाले की २४८, शिवाय डिपसोबत कापलेल्या भाज्या आणि शेवटी केक. हा आकडा वहीत लिहिला आणि डोकं शांत झालं, कारण मग "पुरेल ना गं" हा प्रश्न दिवसातून दहादा पडत नाही.

आता भेटीचं. माझी पहिली कल्पना होती लसूण आणि रोझमेरी घातलेलं ऑलिव्ह ऑइल, छोट्या काचेच्या बाटल्यांत, गळ्याला दोरी बांधून. दिसायला इतकं सुंदर दिसतं ते! बाटल्या आणल्या, धुऊन उकळून वाळवल्या पण, आणि मग किती दिवस टिकतं ते बघायला बसले तर हादरलेच. लसूण जमिनीत वाढतो, त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. एरवी ते काही करत नाहीत, पण तेलात बुडवलं की हवा मिळत नाही, लसणात आंबटपणा जवळजवळ नाही, आणि बाटली बाहेर ठेवलेली, म्हणजे त्यांना वाढायला हवं ते सगळं आपणच पुरवतो. त्यातून जे विष तयार होतं ते जिवावर बेतू शकतं, आणि तेलाचा वास, रंग, चव यातलं काहीच बदलेल असं नाही. घरी केलेलं लसणाचं तेल फ्रिजमध्येच ठेवायचं आणि चारेक दिवसांत संपवायचं. आता २४ घरांत कोण ते नेमकं फ्रिजमध्ये ठेवणार? कुणीतरी ओट्यावर शोभेला ठेवणार हे नक्की. मी ती कल्पना तिथेच सोडली. घरी केलेल्या गोष्टी भेट द्यायची आवड असलेल्या प्रत्येकाला हे माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, कारण अशा बाटल्यांचे फोटो सगळीकडे दिसतात आणि त्याखाली हे कुणी लिहीत नाही.

मग मेणबत्त्या करू का असं मनात आलं, पण सुगंधी सोया मेणबत्ती ओतल्यावर एक-दोन आठवडे मुरू द्यावी लागते तेव्हा कुठे वास नीट येतो, आणि वातीची जाडी चुकली तर नुसता मधे खड्डा पडत जातो, म्हणजे ट्रायललाच महिना हवा. शेवटी ठरले चॉकलेट ट्रफल. डबीत चार, २४ डब्या, ९६ ट्रफल.

ट्रफलचं प्रमाण सोपं आहे, वजनाला दोन भाग डार्क चॉकलेट आणि एक भाग क्रीम. ४०० ग्रॅमला २०० ग्रॅम घेतलं की १५ ग्रॅमचे ४० होतात, म्हणजे तीन वेळा केलं की १२०, ९६ डब्यांत आणि २४ चाखायला, तुटायला, पुतणे-भाचरांना. चॉकलेट अगदी बारीक चिरायचं, क्रीमला कडेने बुडबुडे येऊ लागले की ते त्यावर ओतायचं आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड! मग मधून छोट्या छोट्या गोलात ढवळायला लागायचं, आधी ते फाटल्यासारखं दिसतं, घाबरायचं नाही, ढवळत राहिलं की मधोमध एक चकचकीत डाग तयार होतो आणि तो पसरत पसरत भांडंभर होतो. तो डाग पसरताना बघायला मला इतकं आवडतं की मी दर वेळी सगळ्यांना हाका मारून दाखवते.

पार्टीला पाच दिवस होते तेव्हा रात्री दोन घाणे करून, वळून, फ्रिजमध्ये ठेवून झाले होते आणि मला वाटलं आता या ८० ना वरून चॉकलेटचं पातळ कवच द्यावं. ४०० ग्रॅम चॉकलेट वाफेवर वितळायला ठेवलं. रात्रीचे अकरा वाजले होते. छान वितळलं, मी भांडं उचललं, आणि खालच्या पातेल्यातली वाफ कडेने आत गेली असणार किंवा चमच्याला पाणी असणार, पण बघता बघता ते गुळगुळीत चॉकलेट घट्ट, रवाळ, मातीच्या गोळ्यासारखं झालं. मी जोरात ढवळलं तर अजून घट्ट. रडूच यायचं बाकी होतं. आई उठून आली, भांड्यात बघितलं आणि म्हणाली, "टाकू नकोस. आधी का झालं ते बघ."

का झालं ते असं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतंच, कोको आणि साखरेचे बारीक कण कोको बटरमध्ये तरंगत असतात. त्यात एखाद-दोन थेंब पाणी गेलं की साखर ओली होते, चिकट होते आणि कण एकमेकांना धरून बसतात. थोडं पाणी म्हणूनच वाईट, पण भरपूर गरम पातळ पदार्थ घातला की साखर त्यात नीट विरघळते आणि सगळं परत सुटतं. फक्त ते मग कवचाला चालत नाही कारण कडक होत नाही. आणि हे वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की अरे, तिसरा घाणा तर अजून करायचाच आहे! तेच ४०० ग्रॅम चॉकलेट, त्यात २०० ग्रॅम गरम क्रीम, चमचा चमचा घालत ढवळत राहिले. पहिल्या पाच-सहा चमच्यांपर्यंत काहीच होईना, आणि मग एकदम ते गोळे सैल पडायला लागले, कडेने चकाकी आली, आणि सव्वाअकराला माझा तिसरा घाणा तयार होता. एक ग्रॅम वाया गेला नाही. आई तोपर्यंत तिथेच स्टुलावर बसून होती.

कवचाचा नाद मी सोडला. चकचकीत, कटकन मोडणारं कवच हवं असेल तर चॉकलेट टेंपर करावं लागतं, डार्क असेल तर ४५ डिग्रीच्या आसपास वितळवायचं, २७-२८ ला उतरवायचं आणि परत ३१-३२ ला आणून वापरायचं, म्हणजे कोको बटरचे योग्य तेच स्फटिक राहतात. नाहीतर वरून पांढुरके डाग येतात. थर्मामीटर आणि निवांत दुपार असेल तर जरूर करावं. मी ट्रफल सरळ कोको पावडरमध्ये घोळवले आणि खरं सांगते, तोंडात टाकल्यावर आधी कडूसर कोको आणि मग आतलं मऊ, यापेक्षा छान काही नाही. वळताना एक लक्षात ठेवा, हात गरम झाले की सगळं तळहातालाच राहतं, मी दर दहा ट्रफलनंतर हात थंडगार पाण्याखाली धरत होते आणि मग कोरडे, अगदी कोरडे पुसत होते. पहिले चार वजनकाट्यावर केले, पुढे हातालाच १५ ग्रॅम कळायला लागतं.

सजावटीत माझी खरी गुरू म्हणजे ताईची लेक. चौदा वर्षांची आहे पण कागद हातात घेतला की बघत राहावं. क्रेप पेपरची फुलं करायची होती, मी पहिल्या दिवशी एकटीने ३० पाकळ्या कापून ठेवल्या होत्या, ती आली, एक उचलली, ताणून बघितली आणि म्हणाली, "मावशी, तू आडवं कापलंयस." क्रेपला बारीक चुण्या असतात, तो चुण्यांच्या आडव्या दिशेलाच ताणला जातो. म्हणून पाकळी कापताना चुण्या उभ्या, देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या हव्यात, म्हणजे मग दोन अंगठे मधोमध ठेवून हलकेच बाहेर ओढलं की पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा येतो आणि तिथेच ते फूल खरं दिसायला लागतं. माझ्या त्या ३० पाकळ्या सपाटच राहणार होत्या. आम्ही त्यांची पानं केली. चार दुपारी बसून ४० फुलं झाली, आणि त्या चार दुपारींत तिने मला शाळेतलं, मैत्रिणींचं, काय काय सांगितलं, एरवी फोनवर "हो" आणि "ठीक" यापलीकडे जात नाही ती.

संत्र्याच्या चकत्यांची माळ मी केली. पहिला ट्रे वाया गेला, ओव्हन १५० वर ठेवला होता आणि चकत्या जाड-बारीक होत्या, त्यामुळे निम्म्या करपल्या आणि निम्म्या ओल्याच. दुसऱ्यांदा सगळ्या अर्धा सेंटीमीटर, फडक्यावर ठेवून दाबून टिपून घेतल्या, १०० डिग्रीला साडेतीन तास, दर तासाने उलटल्या. उजेडासमोर धरल्या तर रंगीत काचेसारख्या दिसतात अगदी. त्यातल्या २४ डब्यांना बांधल्या, नाव लिहिलेल्या कागदासोबत. डबीवर एक ओळ मात्र आठवणीने लिहा, "फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा, खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा." क्रीम आहे आत.

उजेडाबद्दल थोडंसं. सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक उजेडाने पडतो असं माझं मत झालंय. नवऱ्याने छताचे पांढरे दिवे बंद करून कोपऱ्यांत बसल्या उंचीला टेबललॅम्प ठेवले, २७०० केल्विनचे पिवळसर बल्ब लावले, आणि तीच खोली, तोच सोफा, पण सगळ्यांचे चेहरे इतके छान दिसत होते. खाण्याच्या टेबलावर मेणबत्त्या बिनवासाच्याच. जिथे ताज्या ब्रेडचा वास यायला हवा तिथे व्हॅनिलाचा सुगंध कशाला? आणि फुलदाणी बुटकी, कोपर टेबलावर टेकवून हात उभा केला की फुलं बोटांच्या वर जायला नकोत, नाहीतर समोरचा माणूस दिसत नाही आणि लोक फुलांच्या आजूबाजूने डोकावत बोलतात. ताज्या फुलांच्या शेजारी फळांची परडी पण ठेवू नका, पिकलेल्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने फुलं लवकर मान टाकतात, कार्नेशन तर फारच.

शेवटच्या दोन दिवसांचं काम मी मागून पुढे लिहिलं होतं, म्हणजे पाहुणे ७ ला येणार तिथून उलटं मोजत. आदल्या दिवशी डिपसाठी दही फडक्यात बांधून टांगलं, ढोबळ्या मिरच्या साल काळी पडेपर्यंत भाजून झाकून ठेवल्या म्हणजे वाफेने साल सुटते, चीज स्ट्रॉ वळून कच्चेच फ्रीझरमध्ये, केक भाजून गार करून गुंडाळून ठेवला. आणि रात्री १० ला फोकाचाचं पीठ. एका ट्रेला ५०० ग्रॅम मैदा, ४०० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम यीस्ट, मळायचं नाहीच, इतकं सैल असतं की मळता येत नाही, ओल्या हाताने कडेचं उचलून मधे आणत अर्ध्या अर्ध्या तासाने तीनदा दुमडायचं आणि फ्रिजमध्ये ढकलायचं. थंडाव्यात ते हळूहळू फुगतं आणि रात्रभरात चव येते. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये तेलावर पसरून दोन-तीन तास वर येऊ दिलं, मग दहा बोटांनी पियानो वाजवल्यासारखं दाबलं, खळग्यांत तेल आणि जाडं मीठ, २२० डिग्रीला २५ मिनिटं.

फ्रिजच्या जागेचा विचार मात्र मी केला नव्हता! दोन पिठाची भांडी, ९६ ट्रफल, डिप, केक, आणि वर बर्फासाठी रिंगचा साचा. रात्री साडेदहाला मी आणि नवरा फ्रिजसमोर जमिनीवर बसून काय बाहेर राहू शकतं ते काढत होतो, सॉस, जॅम, भाज्या. पुढच्या वेळी आधी फ्रिजचे कप्पे मोजीन आणि मग पदार्थ ठरवीन. बर्फाच्या रिंगचं पण सांगते, एकदम सगळं पाणी ओतलं तर लिंबाच्या चकत्या वर तरंगून एका बाजूला जातात. आधी अर्धा साचा गोठवायचा, त्यावर चकत्या आणि पुदिना मांडून थोडंसंच पाणी घालून परत गोठवायचं आणि मग वरपर्यंत भरायचं. मोठा बर्फ सावकाश वितळतो, सरबत शेवटपर्यंत पाणचट होत नाही.

आणखी एक गोष्ट आईने केली जी मला सुचलीच नसती. रिकामी ताटं, वाट्या आदल्या दिवशीच टेबलावर मांडून प्रत्येकात चिठ्ठी ठेवली, "सँडविच", "लाल डिप", "भाज्या". त्यामुळे संध्याकाळी जो कोणी "मी काय करू?" म्हणत आत आला त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही, चिठ्ठी वाचायची आणि भरायचं. भाओजींनी स्वतःच्याच लग्नाच्या वाढदिवसाला लवकर येऊन अर्ध्या भाज्या मांडल्या. मी म्हटलं, "भाओजी, तुम्ही बसा हो," तर म्हणाले, "बसलो असतो तर हिच्याबद्दल काय बोलायचं ते आठवत बसावं लागलं असतं, आज भाषण करायचंय मला."

सँडविच सगळ्यात शेवटी, ५ ला केले. काकडीला मीठ लावून २० मिनिटं ठेवून चांगली दाबून टिपली, ब्रेडला अगदी कडेपर्यंत लोणी, कारण लोणी काकडीचं पाणी ब्रेडमध्ये शिरू देत नाही. कडा नंतर कापायच्या, आधी नाही. वर ओलं पिळलेलं फडकं टाकून फ्रिजमध्ये ठेवलं, ७ ला जसेच्या तसे मऊ. टेबलावर सगळं एकदम मांडलं नाही, अर्धं बाहेर आणि अर्धं फ्रिजमध्ये, कारण लोणी, दही, क्रीम असलेलं काही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही हा नियम मी कुठल्याही पार्टीत मोडत नाही.

आणि उजवीकडचा तो एक पदार्थ, चीज स्ट्रॉ. फ्रीझरमधून थेट २०० डिग्रीला, पावणेसातला पहिला ट्रे आत. दार उघडलं तेव्हा घरभर भाजलेल्या लोण्याचा आणि चीजचा वास होता, आणि मी दारात होते, हात धुतलेले, केस विंचरलेले. ताई आत आली, तिने आधी वर बघितलं, संत्र्यांच्या माळेतून लॅम्पचा उजेड येत होता, मग कोपऱ्यातली कागदी फुलं बघितली, एकाला हात लावला आणि लेकीकडे बघून म्हणाली, "ही तू केलीस?" लेक नुसती हसली. ताईला पुढे काही बोलता येईना.

सगळं संपलं असं नाही, लाल डिप बरंच उरलं, ते माझं चुकलं, डिप माणशी दोन-तीन चमचेच लागतं आणि मी दुप्पट केलं होतं. फोकाचाचे दोन्ही ट्रे मात्र नऊच्या आत साफ. २४ डब्या दाराजवळच्या टेबलावर रांगेत होत्या, माझी भाची प्रत्येकाचं नाव वाचून हातात देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ताईचा फोन. मला वाटलं कालच्याबद्दल बोलेल. तिने विचारलं, "ते ब्रेडचं पीठ तू रात्री फ्रिजमध्ये ठेवलंस ना, किती वाजता?"

"साडेअकराला. का गं?"

"पुढच्या महिन्यात तुझा वाढदिवस आहे. तू काही करायचं नाहीस. फक्त तो बर्फाचा साचा आणि तुझी वही पाठवून दे."